निंबोळीतील गुणद्रव्य : ते कसे काढावे व कसे पारखावे

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत असे गाव विरळाच, की ज्याच्या पांढरीत, बांधावर किंवा देवळापुढील पारावर लिंबाचे झाड नाही. गुढीपाडव्यास त्याचा कोवळा पाला व फुले खाल्ली जातात, उन्हाळ्यात त्याच्या सावलीत जनावरे बांधली जातात, आणि जून-जुलै महिन्यांत पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा झाडाखाली पडतो. त्या निंबोळ्यांपैकी फार थोड्या वेचल्या जातात. उरलेल्या पहिल्या पावसात कुजून जातात. पुढे सोयाबीनवर, कापसावर आणि थंडीत हरभऱ्यावर अळी दिसू लागली म्हणजे तोच शेतकरी तालुक्याच्या गावी जातो आणि निंबोळीचेच औषध बाटलीतून विकत आणतो.

जे शेतकरी घरी निंबोळी अर्क तयार करतात त्यांच्यांतही एकमत नसते. एक म्हणतो, फवारणीनंतर पिकाचे खाणे थांबले. त्याच शिवारातील दुसरा म्हणतो, नुसते कडू पाणी मारले, मजुरी तेवढी वाया गेली. या दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. दोघांनी वजन सारखेच घेतले असेल, पाणीही सारखेच घातले असेल. परंतु एकाच्या निंबोळीत गुणद्रव्य शिल्लक होते व दुसऱ्याच्या निंबोळीत ते फवारणीपूर्वीच नष्ट झाले होते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. तो कोठे पडतो आणि गावात बसून तो कसा ओळखावा, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. कारण एकदा फसलेला शेतकरी पुन्हा त्या वाटेस जात नाही.

गुणद्रव्य कोणते?

निंबोळीत एकच औषध आहे असे नाही. १९४२ साली डॉ. सलिमुझ्झमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी निंबोळीच्या तेलातून निंबीन, निंबिनीन व निंबिडीन ही कडू द्रव्ये वेगळी करून दाखविली. वनस्पतीच्या कडवटपणामागे मोजता येणारी, वेगळी करता येणारी द्रव्ये असतात, हे निंबाच्या बाबतीत प्रथम या कामाने स्पष्ट झाले. परंतु पिकावरील किडीस आवरणारे मुख्य द्रव्य त्यांत नव्हते.

त्या द्रव्याची वाट टोळांनी दाखविली. १९५९ साली सुदान देशात टोळधाड आली असता जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांच्या नजरेस आले, की सभोवतालची हिरवळ फस्त झाली तरी निंबाची झाडे टोळांनी सोडून दिली. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचा मगज पाण्यात कालवून तो उभ्या पिकांवर फवारला, आणि टोळ त्या पिकांवर उतरले तरी त्यांनी ती खाल्ली नाहीत. पुढे १९६८ साली इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ व मॉर्गन या दोघांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यांची रीत मोठी बोधप्रद आहे. अर्काचे निरनिराळे अंश पाडावयाचे, प्रत्येक अंश टोळांपुढे ठेवावयाचा, आणि ज्या अंशास टोळ तोंड लावीत नाहीत तोच पुढे अधिक शुद्ध करावयाचा. अशा रीतीने अखेर हाती आलेल्या द्रव्यास अझाडिरॅक्टीन हे नाव मिळाले. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की ती निश्चित होण्यास १९८५ साल उजाडले, आणि प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार करणे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या स्टीव्हन ले यांच्या चमूस साधले ते २००७ साली, सुमारे २२ वर्षांच्या खटपटीनंतर. लिंबाचे झाड हे काम दर उन्हाळ्यात विनामूल्य करते!

अझाडिरॅक्टीन सर्व झाडात असते, पण सारखे नसते. त्याचा खरा साठा बियांच्या मगजात असतो. पाल्यात ते फारच थोडे असल्यामुळे पाल्याच्या अर्काकडून मगजाच्या अर्काइतकी अपेक्षा धरू नये. चवीवरूनही निर्णय करू नये. निंबोळीचा कडवटपणा हा निंबिडीन, सॅलॅनीन इत्यादी अनेक द्रव्यांचा मिळून असतो. म्हणून अझाडिरॅक्टीन निघून गेलेली जुनाट निंबोळीही जिभेस कडूच लागते. 'कडू आहे, म्हणजे चांगली आहे' ही समजूत जितकी रूढ आहे तितकीच फसवी आहे.

हे द्रव्य चार गोष्टींनी बिघडते : बुरशी, कडक ऊन, उष्णता आणि खारेपणा. शेतकऱ्याच्या घरी निंबोळी या चारही संकटांतून जाते.

वेचणी व वाळवण

पहिले संकट बुरशीचे. निंबोळी पिकते ती नेमकी मृगाच्या सुमारास, जेव्हा हवा दमट असते आणि शेतकऱ्यास पेरणीची घाई असते. पिवळी झालेली निंबोळी पावसात पडून राहिली, की गोड गरावर बुरशी वाढते व ती टरफलातून मगजापर्यंत पोचते. त्यासाठी झाडाखालील जागा झाडून स्वच्छ करावी, जमल्यास जुने कापड किंवा ताडपत्री अंथरावी, आणि दोन-तीन दिवसांआड पिवळ्या निंबोळ्या गोळा कराव्यात. काळ्या पडलेल्या, चिखलात रुतलेल्या निंबोळ्या पोत्याचे वजन वाढवितात, गुण वाढवीत नाहीत. या कामास शाळकरी मुले व घरातील वृद्ध माणसे हाताशी घ्यावीत. पेरणीचे मनुष्यबळ त्यात अडकत नाही.

वेचलेल्या निंबोळ्यांचा ढीग करून ठेवल्यास तो आतून तापतो. म्हणून एक-दोन दिवसांच्या आत त्या पाण्यात चोळून गर काढावा, बी स्वच्छ धुवावे आणि वाऱ्याच्या जागी सावलीत पातळ थर पसरून वाळवावे. येथे दुसरे संकट उभे राहते. ज्वारी-तुरीप्रमाणे निंबोळीही कडक उन्हात दिवसच्या दिवस पसरण्याची रीत सर्वत्र दिसते. धान्याला ऊन मानवते. निंबोळीच्या गुणद्रव्यास ते मानवत नाही. ओसरीवर, माळवदाखालच्या पडवीत, गोठ्याच्या कोरड्या बाजूस, जेथे वारा खेळतो तेथे वाळवण घालावे व दिवसातून दोन-तीन वेळा हात फिरवावा. बी हलविले असता मगज आत खुळखुळू लागला म्हणजे ते वाळले असे समजावे.

वाळलेले बी गोणपाटाच्या पोत्यात किंवा टोपलीत ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास उरलेला ओलावा आत कोंडतो व बुरशी धरते. पोते जमिनीवर न टेकविता फळीवर ठेवावे. प्रत्येक पोत्यास वेचणीचा महिना लिहिलेली चिठ्ठी बांधावी, ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु मागील वर्षाची व यंदाची निंबोळी एकत्र झाल्यास मग कोणत्याही उपायाने ती वेगळी करता येत नाही. साठवणीतील बियांचा गुण हळूहळू उतरत जातो. आठ महिन्यांपेक्षा जुनी निंबोळी फवारणीच्या अर्कासाठी वापरू नये. जुलैची निंबोळी डिसेंबर-जानेवारीतील हरभऱ्यास योग्य असते, पुढील पावसाळ्यातील सोयाबीनला नव्हे.

काढा नव्हे, हिम

आयुर्वेदात वनस्पतीतील गुण बाहेर काढण्याच्या पाच मूळ रीती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट. क्वाथ म्हणजे उकळून केलेला काढा. हिम म्हणजे कुटलेली वनस्पती थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलेले पाणी. कोणत्या द्रव्यास कोणती रीत, यावर सर्व काही अवलंबून असते. परभणीपासून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद प्रसिद्ध आहे. तिच्यातील कुर्कुमीन हे पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, त्यास मद्यार्क किंवा तेल लागते. गवती चहाचे सुगंधी तेल वाफेबरोबर निघते. अझाडिरॅक्टीनला मात्र उष्णता सोसत नाही. त्यामुळे 'चांगला उतरावा' म्हणून जे शेतकरी निंबोळी उकळतात, ते मोठ्या कष्टाने गुणाचा नाश करतात. ज्यास आपण निंबोळी अर्क म्हणतो तो वस्तुतः अर्क नव्हेच, कारण वैद्यांच्या भाषेत अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेला. आपला हा शुद्ध हिम आहे. नाव रूढ झाले आहे म्हणून ते येथेही वापरले आहे.

१०० लिटर फवाऱ्यासाठी ५ किलो मगजाचे चूर्ण लागते. वाळलेल्या बियांत मगजाचे वजन सुमारे निम्मे असते. तेव्हा टरफलासह बी कुटावयाचे असल्यास १० किलो घ्यावे. पुष्कळ घरांत ५ किलो बी टरफलासह कुटले जाते आणि अर्क निम्म्या ताकदीचा होतो, हीही अपयशाची एक साधी बाब आहे. चूर्ण आदल्या दिवशी सायंकाळी कुटावे, फार आधी कुटून ठेवू नये. ते ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावे. सकाळी काठीने चांगले ढवळून दुहेरी कापडातून गाळून घ्यावे व चोथा पिळून काढावा. नीट न गाळल्यास पंपाची तोटी वारंवार तुंबते. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात निराळा विरघळवावा. हे द्रावण गाळलेल्या अर्कात मिसळून एकूण १० लिटर होईल इतके पाणी घालावे. या अर्काचा १ भाग व पाणी ९ भाग घेतले म्हणजे ५ टक्के फवारा तयार होतो. १५ लिटरच्या पंपास दीड लिटर अर्क पुरे.

साबण अगदी शेवटी, फवारणीस निघण्याच्या वेळी मिसळावा. त्याचे कारण चौथ्या संकटात आहे. अझाडिरॅक्टीन किंचित आम्ल पाण्यात टिकते आणि खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात लवकर फुटते. साबण अल्कधर्मी असतो. तो आदल्या रात्रीच घातल्यास अर्क पहाटेपर्यंत दुबळा होतो. धुण्याचा सोडा तर मुळीच घालू नये. चुनखडीच्या जमिनीतील ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणीही या कामास टाळावे. शक्य तेथे साठविलेले पावसाचे पाणी भिजवणीसाठी वापरावे. ९ लिटर पाणी जमविणे अवघड नाही.

प्रयोगशाळेत परीक्षण कसे होते?

प्रयोगशाळेत मगजाचे बारीक चूर्ण तोलून घेतात व प्रथम हेक्झेन या द्रावकाने त्यातील तेल धुऊन काढतात. अझाडिरॅक्टीन हेक्झेनमध्ये उतरत नसल्याने ते चोथ्यातच राहते. मग तोच चोथा मिथेनॉलमध्ये घुसळला, की ते मिथेनॉलमध्ये येते. हा द्राव गाळून, कमी दाबाखाली व मंद उष्णतेवर आटवून, ठराविक प्रमाणात पुन्हा पातळ करतात व एच.पी.एल.सी. या यंत्रात सोडतात. यंत्रातील बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून जाताना निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्या द्रवावर अतिनील किरण टाकून प्रत्येकाची नोंद कागदावर टोकाच्या रूपाने उमटते. शुद्ध अझाडिरॅक्टीनचे टोक ज्या वेळी येते त्याच वेळी नमुन्याचे टोक आले, तर ते द्रव्य आहे असे कळते. टोकाच्या क्षेत्रफळावरून ते किती आहे हे कळते.

बाटलीवर '१५०० पीपीएम' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ दहा लाख भागांत १५०० भाग, म्हणजे ०.१५ टक्के. अशी बाटली लिटरमागे ५ मिलिलिटर वापरली असता फवाऱ्यात अझाडिरॅक्टीन सुमारे ७.५ पीपीएम पडते. आता घरच्या अर्काचा हिशेब पाहावा. समजा, चांगल्या जतन केलेल्या मगजात किलोमागे ३ ग्रॅम अझाडिरॅक्टीन आहे. ५ किलोत १५ ग्रॅम झाले. पाण्यात हे द्रव्य थोडेच विरघळत असल्याने ते सर्व उतरत नाही. केवळ दहावा हिस्सा उतरला असे धरले तरी १०० लिटरमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे १५ पीपीएम होते. बाटलीच्या फवाऱ्याच्या दुप्पट. हेच मगज बुरशीने व उन्हाने बिघडलेले असेल तर उतरावयास काही उरतच नाही. दोन शेतकऱ्यांच्या मतभेदाचे मूळ या आकड्यांत आहे.

विकत घेतलेल्या बाटलीवर उत्पादनाची व मुदतीची तारीख, नोंदणी क्रमांक व अझाडिरॅक्टीनचे प्रमाण पाहूनच पावतीसह खरेदी करावी. संशय आल्यास कीटकनाशके अधिनियम, १९६८ अन्वये नेमलेल्या कीटकनाशक निरीक्षकामार्फत नमुना तपासणीस पाठविता येतो.

गावातील पान-चाचणी

प्रत्येक पोत्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविणे शक्य नाही. परंतु ज्या कसोटीने हे द्रव्य १९६८ साली शोधले गेले, तीच कसोटी, म्हणजे कीड खाते की नाही हे पाहणे, गावातही करता येते. फवारणीच्या आठ-दहा दिवस आधी ती करावी, म्हणजे निंबोळी निकामी ठरल्यास दुसरी व्यवस्था करण्यास वेळ मिळतो.

५० ग्रॅम मगजाचे चूर्ण १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळावे व त्यात २ ग्रॅम साबण विरघळवावा. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाण्यात नुसता २ ग्रॅम साबण घ्यावा. साबणाचे साधे पाणी वगळू नये. ते नसल्यास अळीने पान सोडले ते निंबोळीमुळे की साबणामुळे हे कळणार नाही. एरंडाच्या एकाच झाडाची सारख्या वयाची पाने घेऊन त्यांचे सारख्या मापाचे तुकडे कापावेत. प्रत्येक तुकडा शाळेच्या चौकटीच्या वहीवर ठेवून पेन्सिलीने कड आखावी. निम्मे तुकडे अर्कात व निम्मे साबणाच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवावेत.

यानंतर सोयाबीन किंवा एरंडावरून तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीची लहान, सारख्या आकाराची पिले गोळा करून तीन-चार तास उपाशी ठेवावीत. ही अळी लहानपणी घोळक्याने राहते व पान खरवडून जाळीदार करते, त्यामुळे ती सहज सापडते. घाटेअळी या चाचणीस घेऊ नये. तिच्या अळ्या एकत्र ठेवल्यास एकमेकींस खातात, आणि चाचणी पानाची न होता अळ्यांचीच होते. प्रत्येक डब्यात एक तुकडा व दहा अळ्या ठेवून तोंडास पातळ कापड बांधावे. अर्काचे तीन डबे व साबणाच्या पाण्याचे तीन डबे असावेत. एकाच जोडीवर विसंबू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला तुकडा पुन्हा त्याच आखणीवर ठेवून खाल्लेल्या चौकटी मोजाव्यात.

साबणाच्या पाण्यातील पान बहुतेक संपले आणि अर्कातील पानाच्या कडाच तेवढ्या कुरतडल्या गेल्या, तर निंबोळी उत्तम. दोन्ही पाने सारखीच खाल्ली गेली असतील, तर ती निंबोळी फवारणीच्या कामाची नाही. मजुरी खर्च करून ती पिकावर मारू नये. साबणाच्या पाण्यातील अळ्यांनीही काही खाल्ले नसेल, तर अळ्या रोगट किंवा कात टाकण्याच्या बेतात होत्या असे समजून चाचणी पुन्हा करावी. ही चाचणी चावडीवर किंवा शाळेच्या ओसरीवर सर्वांसमक्ष करावी. दहा व्याख्यानांनी जे पटत नाही ते दोन पानांनी पटते.

फवारणीविषयी थोडेसे

निंबोळी अर्क मारून दुसऱ्या दिवशी शेतात मेलेल्या अळ्या शोधणारा शेतकरी निराश होतो. हे द्रव्य अळीची खाण्याची इच्छा मारते आणि पुढे तिला नीट कात टाकू देत नाही. लहान अळ्यांवर त्याचा परिणाम अधिक, मोठ्या अळ्यांवर कमी. बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत ते पोचतच नाही. तेथे पतंगास अंडी घालण्यापासून परावृत्त करणे एवढाच त्याचा उपयोग. म्हणून पाहणी करावयाची ती पानांवरील नव्या छिद्रांची, तीन-चार दिवसांनंतर. उन्हात फवाऱ्याचा गुण काही दिवसांतच उतरतो, सबब फवारणी सायंकाळी करावी, तयार अर्क त्याच दिवशी संपवावा आणि गरज भासल्यास आठवड्याने पुन्हा फवारावे. किडीचे प्रमाण आर्थिक नुकसानीच्या पातळीपुढे गेले असल्यास एकट्या अर्कावर विसंबून न राहता परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या पीकवार शिफारशींप्रमाणे पुढील उपाय योजावा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर विषारी औषधे फवारताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. सुरुवातीच्या एक-दोन फवारण्या खात्रीच्या निंबोळी अर्काने झाल्या, तर पाठीवर तसा पंप घेण्याचे प्रसंग तेवढे कमी होतात. तरीही निंबोळी निरुपद्रवी आहे असे मानून हयगय करू नये. फवारताना तोंडास कापड बांधावे, डोळे जपावेत. निंबोळीचे तेल घरगुती औषध म्हणून तान्ह्या मुलास पाजण्याची चाल काही घरांत आढळते. त्याने मुलांना झटके येऊन ती बेशुद्ध झाल्याची व काही दगावल्याचीही वैद्यकीय नोंद आहे. कुटण्याचे उखळ, भिजवणीची बादली व गाळण्याचे कापड ही स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवावीत, व उरलेला चोथा जनावरांच्या गव्हाणीत न टाकता शेणखतात मिसळावा.